झग्याचा काठ

दाढी मी चिकटवायचो.
डिंक, थोडं स्पिरिट, वरून फुंकर.
जालन्याच्या आमच्या मंडळीत
उत्तम शुक्रवारच्या नाटकाचा कपडेपट
सतरा वर्षं माझ्याकडं आहे,
कारण शिलाई मशीन माझ्याकडं आहे.
दुसरं काही कारण नाही.

सतरांतली नऊ वर्षं ओबेद निकाळजे.
एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात, भट्टीवर.
पाळी बदलून यायचा, नखांत काळं तसंच,
आणि टोप चढवला की गप्प व्हायचा.
क्रूस घेऊन फाटकातून निघाला की बाया वाकायच्या.
रिबकाबाई लोखंडे तर झग्याचा काठ धरायची
दोन्ही हातांनी.
तो काठ मी आदल्या रात्री टाचलेला.
बदामी टेरिकॉट, मीटरला साठ रुपये.

याकोबदादा पंच. घरात कॅलेंडरसुद्धा नाही,
तारीख विचारायला शेजारी जातात.
म्हणाले, हे काय लावलंय?
दुसरी आज्ञा काय फक्त दगडाला लागू आहे?
तीन वर्षं जे त्याच्या ताटात जेवले
त्यांनी त्याची उंची लिहिली नाही,
केस कसे, डोळे कसे, एक ओळ नाही.
आणि तुम्ही छापलाय निळ्या डोळ्यांचा,
आत्ताच न्हाऊन आल्यासारखा.
तुमचा जीव त्याच्यावर, का छपाईवर?

मला उत्तर आलं नाही.
मी बॉबिन भरत बसलो.

पोळ्याच्या आधी भट्टीचा रस उडाला.
ओबेदचा डावा गाल, कान, मानेपर्यंत.
चार महिने घाटीत.
आला तेव्हा कातडी
घाईत मारलेल्या शिवणीसारखी ओढलेली.

जानेवारीत कमिटी बसली.
कुणी वाईट बोललं नाही,
उलट त्याच्यासाठी प्रार्थना झाली, लांब.
मग छावणीतला जोएल ठरला,
उंच, गोरा, कॉलेजातला.
शोभतो, म्हणाले सगळे.
याकोबदादाही काही बोलले नाहीत.
ओबेदनं फोकसची वायर मागून घेतली.

जोएल निघाला. बाया वाकल्या.
रिबकाबाईनं तोच काठ धरला.
मागं ओबेद, वेटोळं सोडत सोडत.
मला राग नंतर आला, आधी एक हिशोब सुचला:
त्या रात्री बागेत शिपायांना खूण लागली होती.
मुका घेऊन दाखवावं लागलं, हाच तो.
म्हणजे घोळक्यात तो वेगळा दिसत नव्हता.
मशालीच्या उजेडात
कुणीही तो असता.

पण याकोबदादा, तुमचंही एक राहिलंच.
बारा वर्षं रक्त जाणाऱ्या त्या बाईनं
मागून येऊन काठच धरला होता.
तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.
तिला तो म्हणाला नाही,
बाई, कापडाला काय हात लावतेस?
ते कापडही कुणीतरी शिवलं असेलच की.
मूर्तिपूजा नेमकी कुठून सुरू होते
मला खडूनं रेघ मारून दाखवता येत नाही.
माझ्या हाती एवढंच लागतं:
दुसरा गाल पुढं कर म्हणणाऱ्याला
आम्ही एकाच गालावर पसंत केला.

रात्री हॉलमध्ये आवराआवर.
टोप ट्रंकेत, वर चार डांबरगोळ्या.
झाकण लावताना माझे हात
आपसूक जुळायला निघाले,
ते खिशात घातले.

झग्याची घडी एकट्याला होत नाही.
ओबेदनं दुसरं टोक धरलं.
दोघं एकमेकांकडं चालत आलो,
टोकाला टोक लागलं,
ट्यूबलाइटखाली त्याचा गाल वीतभरावर.
मी पहिल्यांदा नीट बघितला.
तो खाली बघत होता.

दादा, म्हणाला,
काठ उसवलाय इथं.
कुणीतरी लई जोरात धरला होता.